माळ्यावरची हक्काची टाकी

मी एक जुनी, जस्ताच्या पत्र्याची पाण्याची टाकी आहे. लंडनला, लुइशमच्या एका उतरत्या रस्त्यावरच्या घराच्या माळ्यावर माझं आयुष्य गेलं. मला आधी ठेवलं आणि छप्पर मग घातलं. त्यामुळे माळ्याच्या चौकोनी दारातून मला बाहेर काढणं आजवर कुणाला जमलेलं नाही.

मित्रांनो, कामाच्या वर्षांत माझं कुणी कौतुक केलं नाही. नळ सोडला की पाणी यायचं, आणि माणसांना वाटायचं ते आपल्याच कर्तृत्वाने आलं. माणसांबद्दल माझं मत तेव्हापासून फारसं बरं नाही.

पुढे घराचे दोन फ्लॅट झाले. खाली पिकरिंगबाई राहत. घराची मालकी त्यांची. वरचा फ्लॅट क्लाइव्ह आणि त्याची बायको मॉरीन यांनी लांब मुदतीच्या, पुढे विकता येणाऱ्या भाडेपट्ट्यावर घेतला. क्लाइव्ह म्हणजे उथळ पाण्याला खळखळाट फार. माळ्याचं दार त्याच्या छतात होतं, तेवढ्यावरून त्याने माळाही आपलाच धरला.

"खालच्या बाईंना एकदा विचारू या का रे?" मॉरीन म्हणाली.

"त्या म्हातारीला काय विचारायचं? ती काय शिडी चढून बघायला येणारे? दार आपल्या छतात, माळा आपला!"

झालं! फळ्या ठोकल्या, छपराला खिडकी पाडली, पलंग आला. भिंतीवर थेट रस्त्याच्या नळाचं पाणी तापवणारं नवं यंत्र बसलं आणि माझी गरज संपली. मी बाहेर निघेना, म्हणून मला लाकडी भिंतीआड कोंडलं. पाहुणा आला की क्लाइव्ह छाती फुगवून सांगे, "ही खोली माझ्या डोक्यातून निघाली!" तेच डोकं त्याने घटकाभर भाडेपट्ट्यात घातलं असतं तर!

वर्षं गेली. त्यांच्या लेकीला, गेलला, तिकडे दूर कॉर्नवॉलला जुळी झाली. फ्लॅट विकून लेकीजवळ जायचं, एवढा एकच ध्यास मॉरीनने घेतला. गिऱ्हाईकही मिळालं. पण त्याच्या वकिलाने भाडेपट्टा वाचला. मग यांच्या वकीलबाईंनीही वाचला आणि फोन केला.

"तुमची हद्द छताच्या गिलाव्यापाशी संपते. माळा तुमचा नाही. तिथे फक्त पाण्याची टाकी ठेवायची, आणि तिच्या दुरुस्तीपुरतं वर जायचं, एवढाच हक्क आहे."

"टाकी? कुठली टाकी?" क्लाइव्ह म्हणाला.

ऐकलंत, मित्रांनो? जिथे याचे पाहुणे घोरत होते, तिथे राहायचा हक्क एकटीचा माझा होता. आणि हा शहाणा विचारतो, कुठली टाकी!

खाली जाऊन विचारायला त्याची जीभ रेटेना. शेवटी मॉरीन गेली. तिला दारापर्यंत सोडायला पिकरिंगबाई जिन्यात आल्या, तेव्हाचं बोलणं मला ऐकू आलं.

"अगं पोरी, तेव्हा विचारलं असतंत ना, तर कपभर चहावर सही दिली असती. पण गेल्या वर्षी मी घराची मालकी एका कंपनीला विकली. आता मीच त्यांची भाडेकरू."

कंपनीने ना चहा घेतला, ना ऐकून घेतलं. माळा पूर्वीसारखा करून द्या, म्हणाली. गिऱ्हाईक पळालं. माळ्याशिवाय फ्लॅटला जी किंमत येत होती, तिच्यात कॉर्नवॉलचं घर बसत नव्हतं. सुतार आले, फळ्या उखडल्या, माझ्यापुढची भिंत काढली. क्लाइव्ह खाली उभा राहून त्यांनाच अक्कल शिकवत होता. अशा माणसाचा मला राग येत नाही, किळस येते.

मॉरीनचं मात्र मला वाईट वाटतं. मित्रांनो, वापरण्याआधी विचारावं. शेजारचं दार वाजवल्याने कुणाचं नाक कापलं जात नाही.

काल मॉरीन शिडीवर बसून लेकीशी फोनवर बोलत होती. जुळी चालायला लागली होती.

"फोन खाली धर गं," ती म्हणाली, "पावलं तरी ऐकू देत."