सासऱ्यांचं नाव

एमेली आणि मी कोनफळाच्या वेलांना काठ्या लावत होतो. तिनं मान वर केली तर झाडाखालच्या चटईवर अर्धं खाल्लेलं केळं तेवढं होतं. तिचे सासरे नव्हते.

कुठं गेले ते दोघींनाही कळलं. आमच्या बेटावर वर डोंगरात राखेचं मैदान आहे, त्याच्या कडेला दगडाचे सहा कोनांचे खांब उभे आहेत, बांबूचं बन दगड होऊन बसल्यासारखे. त्यांच्या पायथ्याला म्हाताऱ्याचा तरुणपणीचा मळा होता. डोंगर फुटला आणि मळा राखेखाली गेला. डोकं विस्कटल्यापासून ते रोज तिकडंच निघायचे. मुलगा मासिंग, एमेलीचा नवरा, न्यूझीलंडला सफरचंदं तोडायला गेलेला. फोनवर त्याचा आवाज ऐकून विचारायचे, हा कोण बडबडतोय? साऱ्या गावात ओळखायचे ते एकट्या एमेलीला. “सून आली,” म्हणायचे आणि घासासाठी तोंड उघडायचे. तेवढ्या दोन शब्दांवर ती बाई त्यांचं हगणं-मुतणं काढत आली होती.

बाप्ये सगळे किनाऱ्यावर बोटीचा माल उतरवायला गेलेले. आम्ही दोघीच चढलो. वर ढग इतका उतरलेला, की खांब हाताला लागले तेव्हा कळले. एमेलीनं ‘मामंजी, मामंजी’ करून घसा फोडला. पण नावाशिवायच्या हाकेला ओ द्यायचं ते कधीच विसरले होते.

आणि आमच्याकडं सून सासऱ्याचं नाव घेत नाही. मी इथंही लिहीत नाही. नात्यानं माझेही सासरेच.

“तू घे,” एमेली म्हणाली.

“मी बी सूनच की.”

“चुलत हाईस.”

“मग काय, चुलत जिभंला पाप लागत न्हाई व्हय?”

ती हसली नाही. पुढं कडा होता, दिवस कलत होता. तिनं खांबांकडं तोंड केलं आणि नाव घेतलं. आधी पुटपुटली, मग ओरडली. खांबांनी ते झेललं आणि दहा ठिकाणांहून परत तिच्यावर टाकलं. तिनं कान झाकून घेतले. ‘ओ’ आली ती मी ऐकली.

दोन खांबांच्या फटीत बसले होते, एक पाय कड्याबाहेर. पापण्यांवर राख. ओढून घेतलं. एमेली झग्याच्या टोकानं त्यांचं तोंड पुसायला लागली, तसा त्यांनी तिचा हात धरला.

“माझं नाव तू घेतलंस?”

“व्हय, मामंजी.”

“कुणाची गं तू?”

“सून न्हवं का मी तुमची.”

“छट्. माझी सून जीव गेला तरी माझं नाव घ्यायची न्हाई.” केवढ्या अभिमानानं म्हणाले. सगळं विसरले होते, तेवढं एक राहिलं होतं.

गावानं फार ताणलं नाही. मुखियानं रीत म्हणून दंडाचं एक लहानसं डुक्कर घेतलं.

आता जेवायच्या वेळी परक्या बाईसमोर बसावं तसे म्हातारे अंग चोरून बसतात. एमेली घास पुढं करते.

“ठेव तिथं, बाई,” म्हणतात. “सून मळ्यातनं येऊ दे.”

“येईल आता,” ती सांगते.

मग दोघं मिळून तिची वाट बघत बसतात.