डोक्यावर धरायचा नकाशा

मित्रांनो, मी आता म्हातारा झालो आहे, हे आधीच सांगून टाकतो. माझ्याकडून फार उत्साहाची अपेक्षा ठेवू नका. मी तारानकाशा आहे. एकावर एक बसवलेल्या पुठ्ठ्याच्या दोन चकत्या आणि मधोमध एक पितळी खिळा, एवढाच माझा संसार. खालच्या चकतीवर तारे आहेत आणि वरच्या चकतीत अंड्याच्या आकाराची खिडकी. कडेची तारीख आणि तास जुळवले की त्या वेळचं आकाश खिडकीत येतं. चाळीसहून अधिक वर्षं मी हेच करत आलो. माझ्या कडा झिजल्या आहेत आणि वृषभाच्या तोंडावर कॉफीचा गोल डाग पडला आहे.

माझा जन्म डेन्मार्कमधल्या एका छापखान्यात झाला. तिथून टपालाने मी एका लहानशा बेटावर एगोनकडे गेलो. एगोन फेरीबोटीवर तांडेल होता. समुद्राचे नकाशे वाचण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्याने मलाही तसंच टेबलावर ठेवलं, आणि पाहतो तर काय, पूर्व डावीकडे, पश्चिम उजवीकडे! त्याने त्याच दिवशी छापखान्याला खरमरीत पत्र लिहिलं, "या नकाशावर बोट हाकली तर माझी माणसं खडकावर जातील. छापणारा शुद्धीवर होता का?" आठवड्याने एका ओळीचं उत्तर आलं, "कृपया नकाशा डोक्यावर धरून पाहावा."

समुद्र पायाखाली असतो, आकाश डोक्यावर. म्हणून मला वर उचलून खालून पाहायचं असतं, मग दिशा आपोआप जागेवर येतात. एगोनने तसं करून पाहिलं आणि त्याचे कान लाल झाले. ते उत्तर त्याने माझ्या पाठीवर चिकटवलं आणि पुढे आयुष्यभर स्वतःची ही फजिती गावाला सांगत राहिला.

आमच्याकडे हिवाळ्यात चार वाजायच्या आत सूर्य बुडतो आणि सहाला आकाश काळंभोर होतं. दर गुरुवारी लोक धक्क्यामागच्या माळावर जमायचे. पांढऱ्या उजेडाने अंधाराला सरावलेले डोळे पुन्हा दिपतात, म्हणून एगोन टॉर्चच्या तोंडावर नाताळच्या गोळ्यांचा लाल कागद बांधायचा. त्या उजेडात मी हातोहाती फिरायचो. "एगोन, आकाश तुझ्या बापजाद्यांचं असल्यासारखं दाखवतोस!" असं लोक म्हणायचे, आणि तो मला थोपटायचा. तेव्हा मला थकवा म्हणजे काय ते माहीत नव्हतं.

नाराज होती ती एकटी बोडिल, त्याची बायको. "अख्खा देश सहाला जेवतो," ती म्हणायची, "आणि या माणसाचं आकाश नेमकं सहालाच उघडतं. ही पुठ्ठ्याची सवत मी घरात घेतली तरी कशी?" दर गुरुवारी तिचे बटाटे गार होत. मला वाईट वाटे, पण पृथ्वीचं फिरणं काही माझ्या हातात नव्हतं.

मग एगोनच्या नजरेच्या मधोमध राखाडी डाग आला. कडेचं दिसे, पण ज्याकडे पाहावं तेच पुसलं जाई. गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. आधी माझी अक्षरं गेली, मग बोडिलचा चेहरा गेला. गुरुवार बंद पडले. एगोन खिडकीशी खुर्चीत बसून राहू लागला आणि मी त्याच्या कपाखाली आलो. कॉफीचा डाग तेव्हाचा. मला राग आला नाही, मित्रांनो. रागालाही अंगात जोर लागतो. पण एगोन बोलेनासा झाला, ते मात्र सोसवेना. बोडिल एकदा फोनवर बहिणीला म्हणाली, "माणूस घरात आहे गं, पण घरी कुणीच नाही. हा हिवाळा असाच गेला तर तो पुन्हा खुर्चीतून उठायचा नाही."

डिसेंबरातल्या एका दुपारी तिने मला कपाखालून काढलं आणि पुसलं. स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली ती तासभर माझ्याशी झटली. मग विणकामाच्या नमुन्यांवर खुणा करायची तिची पेन्सिल घेऊन तिने शर्मिष्ठेच्या ताऱ्यांपासून देवयानीतल्या धुरकट ठिपक्यापर्यंत, म्हणजे एगोनच्या लाडक्या दीर्घिकेपर्यंत, जाडजूड रेघ ओढली. ही नावं तुमची, तिथे दुसरी आहेत. पण सवतीची गोष्ट निघाली आहे, तर हीच बरी.

सहाला ती म्हणाली, "एगोन, कोट घाल. मला तुझा तो धुरकट ठिपका बघायचाय."

"चाळीस वर्षं बोलावलं, तेव्हा आली नाहीस."

"चाळीस वर्षं बटाटे कोण उकडत होतं? चल ऊठ."

"मला दिसत नाही, बोडिल."

"मला दिसतं. तू नुसत्या चुका काढ. ते तुला चांगलं जमतं."

अंगणात दोन खुर्च्या मांडलेल्या होत्या. बोडिलने मला डोक्यावर धरलं. ती फजिती तिने शंभरदा ऐकली होती, ती चूक ती करणार नव्हती. तिने लाल टॉर्च लावला आणि ओरडली, "अगं बाई! रेघ कुठे गेली? दुपारी तर मी स्वतः ओढलीय!"

"कसल्या पेन्सिलीने?"

"विणकामाच्या. लाल."

एगोन हसायला लागला. कित्येक महिन्यांत मी ते हसू ऐकलं नव्हतं. "लाल उजेडात लाल रेघ दिसेल कशी! बोडिल, छापखान्याला पत्र लिही!"

मग तोच आठवणीतून सांगू लागला. इंग्रजी डब्ल्यूसारख्या शर्मिष्ठेच्या दोन खाचांतली खोल खाच बाणासारखी धर, हात लांब करून त्या दिशेने दीड मूठ सरक. बोडिल अडखळत गेली आणि थांबली.

"दिसला! काचेवर वाफ धरल्यासारखा. तू बघ ना."

एगोनने मान वर केली. बराच वेळ पाहिलं. "नाही. बघतो तिथेच भोक पडतं. चल आत, बटाटे गार होतील." तो उठला.

बोडिल उठली नाही. काही सुचेना म्हणून तिने पुन्हा माझ्यावर टॉर्च धरला. तिची रेघ विरली होती, पण रेघेखाली झाकलेलं एगोनचं जुनं अक्षर, साध्या काळ्या पेन्सिलीतलं, आता स्पष्ट दिसत होतं. तिने ते मोठ्याने वाचलं.

"अंधुक गोष्टीकडे थेट पाहू नये. जरा बाजूला पाहावं, म्हणजे ती दिसते." आणि म्हणाली, "हे तुझंच अक्षर आहे, एगोन. दर गुरुवारी गावाला शिकवायचास."

तो पुन्हा खाली बसला. त्याने नजर थोडी बाजूला नेली. "आहे," तो म्हणाला. "अगं, तिथंच आहे."

मग तो बोडिलकडे वळला.

"माझ्या कानाकडे काय बघतोयस?" तिने विचारलं.

"तुझं तोंड बघतोय."

ती रडली, आणि मी भिजलो. बऱ्याच वेळाने एगोन म्हणाला, "बटाटे गार झाले असतील."

"होऊ देत," बोडिल म्हणाली.

त्या गारठ्यात माझा खिळा निखळला. बोडिलने त्या जागी एगोनच्या जुन्या कोटाचं बटण लोकरीने शिवलं. आता मी फिरतो, पण जरा कण्हत. मित्रांनो, एखादी वस्तू किंवा एखादा माणूस निकामी झाला असं वाटलं, तर त्याला कपाखाली ठेवण्याआधी एकदा वेगळ्या तऱ्हेने धरून पाहा. मला तर एक बटण पुरलं.

आता मला जरा पडू द्या. उद्या गुरुवार आहे.