चौथ्या नंबरची जीप

गोपभाईच्या दुकानात मी फॅन बेल्ट आणायला गेलो आणि माझी नजर कॅलेंडरवर गेली. सव्वीस जानेवारीला लाल पेनाने गोल केलेला. गोल एकदम कंपासने काढल्यासारखा, म्हणजे काढणारा श्यामकांत. बदलापूरला बँकेत ऑफिसर आहे तो, खाडाखोडसुद्धा पट्टी लावून करतो. बाजूला खोक्याचा पुठ्ठा लटकवलेला, त्यावर ओळीने लिहिलेलं: एक श्यामकांत, दोन गोप, तीन हरिचंद्र.

चार नव्हताच.

चार नंबर मी. आमचा फोर व्हील क्लब. नाव मोठं, बाकी सगळा कारभार मिलिट्रीच्या लिलावातून उचललेल्या चार जुन्या जीपांचा. त्यातली एक कायम आजारी. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर मिळून चारच येडे निघाले, ज्यांना चांगला रस्ता सोडून खड्ड्यात जायची हौस. वर्षातून दोनदा रानात जायचं आणि उरलेलं वर्ष त्याचं प्लॅनिंग करायचं. दर रविवारी सकाळी दहाला, कॅम्प एकमध्ये, गोपभाईच्या स्पेअर पार्टच्या दुकानात, शटर अर्धं खाली ओढून.

आणि गेले अकरा महिने मला सगळे सांगत होते, क्लब बंद आहे म्हणून.

"साईं, बेल्ट कौनसा?" गोपभाई पटकन येऊन कॅलेंडरसमोर उभा राहिला. पण तो काडीपैलवान आणि कॅलेंडर टायर कंपनीचं, भलंमोठं.

"तारीख चांगली निवडलीय," मी म्हटलं.

"कौनसी तारीख?"

"प्रजासत्ताक दिनाची. मी पण प्रजाच आहे ना?"

हसला नाही. पापड पुढे केला. सिंधी माणूस दारात आलेल्याला पापड-पाणी दिल्याशिवाय सोडत नाही, मग समोरचा कितीही नकोसा असो. मी तो उभ्याउभ्या खाल्ला. माझ्या खाण्याचा कुरुमकुरुम आवाज दुकानभर.

आता मला का गाळलं, ते सांगतो. लपवण्यासारखं काही नाही, तिन्ही गावांत माहीत आहे.

मी बबन. अंबरनाथला कारखान्यात फिटर. नोकरी फिटरची, पण खरी आवड लोकांची खेचायची. गोपभाईच्या गादीखाली रिक्षाचा भोंगा बसवलेला मीच. श्यामकांतच्या बँकेत मोठा साहेब बनून फोन करून त्याला अर्धा तास उभा ठेवलेला, तो पण मीच. बायको मालिनी, लेकीच्या बाळंतपणाला नाशिकला गेली. दोन महिन्यांसाठी. नात आता चालायला लागली. मालिनी जाताना म्हणाली होती, "तुमच्याशी बोलायचं म्हणजे आधी हे खरं की खोटं, ते बघावं लागतं. दमले मी." मला वाटलं, मस्करी करतेय. म्हटलं, वा, तयार झाली बायको.

घरी आलो की कुलूप उघडायच्या आधी मी बेल वाजवतो. उगाच, गंमत म्हणून. आतून खरंच कोणी "कोण आहे?" म्हटलं तर मीच जिना उतरून पळेन.

तर, क्लबचा एक नियम होता. वळणावर थांबायचं. मागची जीप दिसत नाही तोवर पुढच्याने वळायचं नाही. म्हणजे एक नंबर दोनसाठी थांबतो, दोन तीनसाठी, तीन चारसाठी. चार नंबर मी, कारण दोर आणि पाने माझ्या जीपमध्ये. माझ्यामागे कोणी नाही, म्हणून मला कोणासाठी थांबायचं नसायचं.

गेल्या फेब्रुवारीत आम्ही बारवी धरणाच्या मागच्या रानात गेलो होतो. त्या आठवड्यात नाशिकहून पत्र आलेलं, अजून थोडे दिवस राहते म्हणून. एका वळणाआधी मी जीप झाडीत घातली, इंजिन बंद केलं आणि बसून राहिलो. म्हटलं, बघू तरी कोण येतं शोधायला. पाऊण तास बसलो. तीन हॉर्न म्हणजे अडकलो, असं ठरलेलं. मी एकही दिला नाही.

माझ्यापुढे हरिचंद्र होता. बदलापूरजवळच्या गावातला आगरी शेतकरी, माझा पंचवीस वर्षांचा दोस्त. मी त्याला हऱ्या म्हणायचो, तो मला बबन्या. तोच आला. "बबन्या! ए बबन्या!" ओरडत, घाईघाईत जीप मागे घेत. मी झाडीत तोंडावर हात धरून हसत होतो. मग त्याचं मागचं चाक नाल्याच्या कडेवरून घसरलं आणि जीप कलंडली.

त्याच्या उजव्या कोपराची दोन हाडं मोडली. मी धावत पोहोचलो तर माझा चेहरा बघून तो म्हणाला, "तू बरा हायस ना?" तेव्हा गप्प बसलो असतो तर चाललं असतं. मीच सांगितलं, मस्करी होती म्हणून.

त्या पावसाळ्यात त्याला लावणी करता आली नाही. हात अजून सरळ होत नाही. माझ्याशी तो त्यानंतर एक अक्षर बोलला नव्हता.

तर शनिवारी पापड खाल्ला आणि रविवारी दहाला मी शटरखालून वाकून आत शिरलो. पिशवीत तोच रिक्षाचा भोंगा होता. म्हटलं, वातावरण बघून काढू.

तिघंही होते. काउंटरवर श्यामकांतचा नकाशा, पेन्सिलने काढलेला, चार कोपऱ्यांवर चार बेअरिंगं ठेवलेली. मला बघून त्याने चष्मा सारखा केला.

"या, बबनराव."

बबनराव! तुम्ही सांगा, इतकी वर्षं ज्याला बबन्या म्हटलं, त्याला एकदम राव लावला की काय समजायचं? शिवी दिली असती तर मी बसायला स्टूल तरी ओढलं असतं. भोंगा पिशवीतच राहिला.

"अनौपचारिक बैठक आहे ही," श्यामकांत म्हणाला. "म्हणजे अजून काही नक्की नाही."

"नक्की नाही आणि डब्यांची यादी झाली? पुरी-भाजी गोपभाई, पाण्याचे कॅन तू, भाकरी आणि सुकट हऱ्याकडे." मी कागद उलटा वाचत होतो. फिटरला उलटं वाचता येतं, मशीनखाली झोपून आयुष्य गेलं.

हरिचंद्र चहा बशीत ओतत होता, डाव्या हाताने. उजवा हात पोटाशी, वाकलेला. माझ्याकडे बघितलं नाही.

"मला पण घ्या," मी म्हटलं. मस्करीचा सूर काढायचा प्रयत्न केला, नाही निघाला. "बसून बसून जीप गंजली. मी पण."

गोपभाई स्क्रूच्या डब्यात हात घालून स्क्रू चाळायला लागला. "मैं तो बोलता, लेलो," तो स्क्रूंनाच सांगितल्यासारखं म्हणाला. "दोर नाही, पाने नाही. अपनी गाडी बिघडली तो कौन बनाएगा?"

"प्रश्न गाडीचा नाही, गोपभाई," श्यामकांत म्हणाला. "वळणावर थांबायचा आहे. हे मागे दिसले नाहीत तर खरं समजायचं की मस्करी? परत मागे जायचं का? आणि कोणी जायचं?"

"मी नाय जाव," हरिचंद्र म्हणाला.

अकरा महिन्यांनी ऐकलेला त्याचा आवाज. बशी खाली ठेवली, तोंड पुसलं.

"येव द्या त्याला. पन मागं. न् त्याचेसाठी कोनी थांबाचा नाय." बोलत होता श्यामकांतकडे बघून. "आमचे गावची मानसा लाकडाला जातान, तवा जी वाट चुकीची तिचेवर आडवी फांदी टाकतान. मागचा येनारा समजतो. आपून पन टाकू. आला त आला."

"आणि फांदी बकरीने खाल्ली तर?" माझ्या तोंडातून निघून गेलं.

गोपभाईच्या मिशा हलल्या, पण त्याने मान स्क्रूच्या डब्यात घातली.

"न् आनखी," हरिचंद्र म्हणाला, अजूनही माझ्याकडे न बघता, "याचा हॉर्न वाजला तरी कोनी खरा धराचा नाय."

श्यामकांतने पुठ्ठा काढला आणि पट्टी धरून लिहिलं: चार, बबनराव. मी म्हटलं, बरं. दुसरं काय म्हणणार? फॅन बेल्टपण तसाच विसरलो आणि सोमवारी परत जाऊन आणला.

सव्वीसला झेंडे फडकल्यावर बदलापूरहून निघालो. धरणाच्या रस्त्यापर्यंत चौघं बरोबर. डांबर संपलं, आम्ही फोर व्हीलचा गियर टाकला, आणि पहिल्याच चढावर ते तिघं गायब. धूळसुद्धा खाली बसली.

पहिल्या फाट्यावर डावीकडे आडवी फांदी. मी उतरलो, हातात घेऊन बघितली. ऐनाची. तोडलेलं टोक वेडंवाकडं, कोयत्याचे सहा-सात घाव. श्यामकांतने तोडली असती तर आधी माप घेतलं असतं. गोपभाई कोयता धरत नाही. डाव्या हाताने तोडणाऱ्याला एका फांदीला सहा-सात घाव लागतात.

दुसऱ्या फाट्यावर तशीच. तिसऱ्या, चौथ्यावर पण. प्रत्येक ठिकाणी हऱ्या जीपमधून उतरला होता. मी फांद्या परत होत्या तशाच ठेवत गेलो. मागून कोणी येणार नव्हतं, तरी.

रानात एकट्या जीपचा आवाज फार मोठा येतो. थांबलो की कानात शिट्टी वाजल्यासारखं. एकदा मीच मला म्हटलं, "बबन्या, चहा घेणार?" आणि उत्तर नाही दिलं.

पाचवा फाटा. इथून वर पठारावर जायचं, ही वाट मला पाठ. खाली उतरणारी वाट धरणाच्या काठाला जाते. पाणी मागे हटलं की तिथे चिखल उरतो आणि म्हशी बसतात.

फांदी वरच्या वाटेवर आडवी होती.

मी उतरलो. फांदीखालची माती बघितली. तीन जीपांच्या चाकांचे ठसे फांदीखालून सरळ वर गेलेले, एकदम ताजे. खालच्या वाटेवर फक्त म्हशींचे खूर. आणि फांदीला नऊ घाव. चांगली जाडजूड निवडली होती, मेहनत घेतली होती.

दोनच गोष्टी असू शकत होत्या. एक तर हऱ्या माझी खेचत होता. पंचवीस वर्षांत त्याने माझी कधी खेचली नव्हती, ते खातं माझं. नाहीतर त्याला मी खरंच नको होतो, आणि ही त्याची सांगायची पद्धत. फांदी बाजूला सारून वर गेलो असतो तर दहा मिनिटांत त्यांच्यात जाऊन बसलो असतो, बबनराव म्हणून. सुकट खाल्ली असती. पण कळलं नसतं.

मी जीप खाली घातली.

जेमतेम दोनशे पावलांवर पुढची चाकं बसली, मग मागची. एक्सलपर्यंत. चार म्हशी आणि त्यांच्या पाठीवरचे बगळे माझ्याकडे बघत होते. इंजिन बंद केलं, चिखलात उतरून चाकं बघून आलो. घड्याळ बघितलं, बारा वाजून दहा मिनिटं.

तीन लांब हॉर्न दिले.

काही नाही. एक बगळा उडाला आणि दुसऱ्या म्हशीवर जाऊन बसला.

परत तीन. पाण्यावरून आवाज पलीकडे गेला, तिथून परत आला, म्हणजे माझाच हॉर्न मला ऐकू आला. मी तेवढ्यावर खूश व्हायला निघालो होतो. मग परत शांत. तिसऱ्यांदा वाजवावंसं वाटलं आणि नाही वाजवला. पायावरचा चिखल वाळायला लागला, तडा जाऊन सुटायला लागला. त्या दिवशी हऱ्या वर रानात हाका मारत होता, तेव्हा त्याला कसं वाटलं असेल, हे मी पहिल्यांदा बसून नीट विचारलं स्वतःला. उत्तर होतं, पण जोक नव्हता त्याला.

एक वाजायला पाच मिनिटं उरली. पाऊण तास.

आणि वरून, पठाराच्या कडेवरून, आवाज आला.

"बबन्या! ए बबन्या! कं झायला? फांदी नाय दिसली?"

मान वर केली. कडेला तिघं उभे. गोपभाई हातात पुरी घेऊन, श्यामकांत घड्याळ बघत, आणि हऱ्या मध्ये, वाकडा हात पोटाशी धरून, इतका हसत होता की गोपभाईने त्याला शर्टाला धरून ठेवलेलं.

"दिसली ना!" मी ओरडलो. "तिच्याच भरवशावर आलो!"

"येडा तो येडाच!" तो म्हणाला आणि खाली उतरायला लागला.

खाली येऊन त्याने माझ्याच जीपमधला दोर मागितला, वर अडकवायला. मी फेकला, त्याने डाव्या हाताने झेलायला बघितला, चुकला. परत फेकला. चाकांचे ठसे मी बघितले होते, हे त्याला मी अजून सांगितलेलं नाही.