नाकासमोरचा फणस

भिकाजींना जावई नको होता. तसं ते उघड बोलत नसत, कारण लग्नाच्या पोरीचा बाप असं बोलायला लागला तर लोक त्याला वेड्यात काढतात. ते आपले येईल त्या स्थळात खोट काढत. पुण्याच्या इंजिनियरला समुद्राची सवय नव्हती. हर्ण्याच्या मुलाला ती जरा जास्तच होती. मुंबईच्या एकाने चहा बशीत ओतून घेतला नाही, तो शिष्ट ठरला. बायको मथुरा कपाळाला हात लावायची आणि एकुलती एक लेक ऋतिका हसून सोडून द्यायची. ती मिरजोळ्याच्या कारखान्यात मासळी तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला होती. या खेपेला मात्र तिने हसून सोडलं नाही. एका रविवारी ती स्वतःच एकाला घरी घेऊन आली.

मुलाचं नाव विनीत. मूळचा बुरोंडीचा, दापोलीला कॉलेजात फिजिक्स शिकवणारा. दिसायला बरा, बोलायला नम्र, शिवाय चहा बशीत ओतून प्यायला. भिकाजींना घाम फुटला.

"काय शिकवता ओ तुम्ही पोरांना?" पडवीतल्या झोपाळ्याला पायाने रेटा देत त्यांनी विचारलं. उभा जन्म मच्छीमार बोटीवर तांडेलकी, म्हणजे कप्तानी, केलेला हा माणूस आता तो झोपाळा हाकत असे.

"सध्या कार्य, ऊर्जा आणि शक्ती चाललंय, काका. म्हणजे जोर लावला आणि त्या जोराने वस्तू सरकली, तर कार्य झालं. वस्तू जागची हललीच नाही, तर कितीही घाम गाळा, कार्य शून्य."

"म्हंजे आम्ही वादळात सुकाणू घट्ट धरून ठेवला, तसूभर हलू दिला नाय, ता शून्य?"

विनीतने बशी खाली ठेवली. "शास्त्राप्रमाणे... हो."

"मी तरी दुसरा काय सांगत्ये?" मथुरा पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आली. "घरी बसल्यापासून झोपाळा धरून हायत. आता शास्त्रात पण शून्यच निघाला."

भिकाजींचं तोंड उतरलं. आपण घोळ घातला हे विनीतच्या ध्यानात आलं आणि तो सावरायला गेला. झोपाळ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हा बघा ना काका. टांगलेली वस्तू ओढून धरली आणि सोडली, की परत येताना जिथून सोडली तिथवरच येते. त्याच्यापुढे एक बोटही नाही. जास्तीची ऊर्जा आणणार कुठून?"

"एक बोटही नाय?"

"अजिबात नाही."

"मग टांगतो कायतरी जड, ता नाकाला लावून सोडा," भिकाजी झोपाळ्यावरून उतरले. "जागचे हललात नाय तर पोरगी तुमची. हललात, तर चहा झालाय, पोहे झालेत, बुरोंडीची वाट धरा."

"बाबा!" ऋतिका म्हणाली. पण बाबा एव्हाना परसात गेले होते.

परसातल्या झाडाचा सगळ्यात मोठा, सगळ्यात काटेरी फणस त्यांनी निवडून काढला. अजून कच्चा, देठातून चीक गळणारा. अंगणातल्या आंब्याच्या वरच्या फांदीला दोर बांधून त्यांनी तो टांगला. तांडेलाने मारलेली गाठ, ती काही सुटणार नव्हती. विनीत पडवीच्या खांबाला पाठ आणि डोकं टेकवून उभा राहिला. त्याने दोर ताणून फणस नाकाशी धरला.

"नुसता हात काढायचा," तो ऋतिकाला समजावून सांगत होता, की स्वतःला, कोण जाणे. "ढकलायचं नाही. आणि हलायचं नाही."

भिकाजींचं त्याच्या बोलण्याकडे लक्ष नव्हतं. ते त्याच्या गुडघ्यांकडे बघत होते.

विनीतने हात काढला. फणस डुलत फाटकाच्या दिशेने गेला, क्षणभर थांबला आणि परत फिरला. विनीतला नियम पाठ होता. त्याच्या गुडघ्यांना मात्र तो कुणी शिकवला नव्हता. फणस जवळ आला तसा तो मटकन खाली बसला. फणस त्याच्या नाकाच्या जागेच्या बोटभर अलीकडे थांबला आणि निमूट मागे गेला.

"नियम खरा असल मास्तर," भिकाजी खुशीत म्हणाले. "पण तुमचाच त्याच्यावर भरवसा नाय."

विनीतचे कान लाल झाले. त्याचं ते पडलेलं तोंड पाहून भिकाजींना जरा वाईटही वाटलं. पण आनंद मोठा होता.

ऋतिकाने हातातल्या बश्या खाली ठेवल्या, ओढणी कमरेला बांधली आणि खांबाला टेकून उभी राहिली.

"गो बाय, तू कशाला?"

"विनीतने सांगितलंय ना, पुढे येणार नाही. मग नाही येणार."

तिने फणस नाकाला लावला आणि नुसता हात काढला. भिकाजी धावणार होते, पण मथुराने त्यांचा सदरा मागून धरून ठेवला. फणस गेला, फिरला, काट्यांसकट तिच्या तोंडावर चालून आला. पोरीने पापणीसुद्धा हलवली नाही. नाकापासून बोटभर अलीकडे फणस थांबला आणि माघारी गेला.

"झालं?" तिने विचारलं.

भिकाजींनी भरसमुद्रात भलेभले गडी डगमगताना पाहिले होते. दुसऱ्याच्या शब्दावर असं उभं राहिलेलं कुणी पाहिलं नव्हतं. लेक आता आपली राहिली नाही, हे त्यांना त्या घटकेला कळलं आणि अंगणात सगळ्यांसमोर रडू फुटेल अशी भीती वाटली. ते लपवायला काहीतरी करणं भाग होतं.

"सरक," ते म्हणाले. "माका बघू दे."

ते खांबाला टेकले. पण जन्मभर होड्या पाण्यात लोटलेले ते हात. 'हो' म्हणून आरोळी ठोकायची आणि रेटा द्यायचा, त्याशिवाय किनाऱ्यावरून काही सोडायचं असतं हे त्या हातांना माहीतच नव्हतं. भिकाजींनी आरोळी ठोकली आणि फणस जीव खाऊन लोटला.

"काका, ढकललंत!" विनीत ओरडला. "बाजूला व्हा!"

फणस आंब्याच्या पानांत शिरून परत फिरला. बाजूला होणं सोपं होतं. पण लेक जिथे हलली नाही तिथे बाप कसा हलेल? भिकाजी डोळे उघडे ठेवून उभे राहिले. धप्प असा आवाज झाला.

थोड्या वेळाने ते झोपाळ्यावर आडवे झाले होते. नाकावर फ्रीजमधल्या गोठलेल्या बांगड्यांची पिशवी होती, ती विनीतने धरली होती. मिशीला लागलेला चीक मथुरा खोबरेल तेलाने पुसत होती. नाक सुजलं होतं, हाड शाबूत होतं.

"नियम चुकला काय ओ?" पिशवीखालून आवाज आला.

"नाही, काका. तुम्ही ढकललंत, तेवढं कार्य तुमच्याकडून झालं. फणसाने ते परत आणून दिलं."

"घरी बसल्यापासनं पयलाच," मथुरा म्हणाली.

भिकाजी हसले, मग कळवळले, मग त्यांनी मान अंगणाकडे वळवली. फणस अजून हळूहळू डुलत होता.

"मास्तर, पाठवणीच्या वक्ताला मी तिला ढकलणार नाय हां. नुसता हात काढीन." त्यांनी सुजलेल्या नाकाला बोट लावलं. "मग येल ना ती परत? हितवर?"

हवेचा विरोध असतो, दर झोक्याला थोडं कमी पडतं, असलं काहीतरी सांगायला विनीतने तोंड उघडलं. ऋतिकाकडे पाहून त्याने ते मिटलं.

"येईल, काका," तो म्हणाला. "मी घेऊन येईन."