मोगरीने चाटलेला खरारा

मी एक जुना खरारा आहे. गाईगुरांचं अंग घासायचा लोखंडी, दातेरी खरारा. कांदिवलीतल्या चारकोपच्या दत्तमंदिरामागे पत्र्याची एक शेड आहे. तिच्या खांबाला एका खिळ्यावर प्लॅस्टिकची पिशवी टांगली आहे आणि तिच्यात, तोंडाला घट्ट गाठ मारून, मला ठेवलंय. मित्रांनो, देवळात आलात तर शेडमधल्या गाईला बघायला जरूर या. पण त्या पिशवीला हात लावू नका. का ते सांगतो. सांगताना जड जातं, पण सांगतो.

माझा जन्म इथलाच. औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात कुंडलिक नावाचा कामगार प्रेस मशीन चालवायचा. गाव मालवणकडचं, हात सोन्याचा. त्याची बायको शकु देवळासमोर गाय घेऊन बसायची. लोक दर्शनाला यायचे, तिच्याकडून गवताची पेंढी घ्यायचे, गाईला घालायचे आणि पाया पडून कामाला पळायचे. गाईचं नाव जासवंदी. कुंडलिकने जेवणाच्या सुट्टीत टाकाऊ पत्र्याचा तुकडा घेतला, कानशीने एकेक दात पाडला, टोकं घासून बोथट केली. मागे हात अडकवायला आपल्या जुन्या कमरेच्या पट्ट्याचं चामडं लावलं.

"ह्यो घे, तुझ्या जासवंदीक," म्हणत त्याने मला शकुच्या हातात ठेवलं.

"माका कधी काय आणलास नाय, आणि गायीक बरो खरारो केलास!" शकु म्हणाली, आणि दोघं हसत सुटली.

काय थाट होता माझा! रोज सकाळी शकु मला जासवंदीच्या मानेवरून, पाठीवरून, पोटाखालून फिरवायची. जासवंदी मान लांब करून डोळे मिटायची. शेजारी देवळाची घंटा वाजत असायची. येणारेजाणारे म्हणायचे, "मावशी, गाय काय चकाचक ठेवलीय!" आणि मी मनात म्हणायचो, अहो, मी ठेवलीय. अख्ख्या कांदिवलीत माझ्यासारखा खरारा नसेल. थोडा गर्विष्ठच होतो मी, लपवत नाही.

मग कुंडलिक गेला. छातीत कळ आली म्हणून मशीनपाशी बसला, तो उठलाच नाही. बारा दिवस शकुने मला हात लावला नाही. तेराव्या दिवशी खिळ्यावरून काढलं, पट्ट्याचं चामडं गालाला लावलं आणि उभ्या उभ्या रडली. त्या चामड्याला अजून त्याच्या घामाचा वास होता. त्या दिवसापासून मी तिच्यासाठी नुसता खरारा राहिलो नाही, हे मला कळत होतं.

त्याच वर्षी जासवंदीला कालवड झाली. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून मोगरी. काय अवखळ पोर होती ती! शकुची ओढणी चघळ, बादली लाथाड. पण सगळ्यात लाडका मी. मला खिळ्यावरून काढलं की धावत यायची आणि जिभेने मला चाटत सुटायची. घामाच्या खारटपणासाठी असेल. शकु हसायची. "चाट गो चाट, तुझ्या आजोबान केलेलो हा तो." मला इतकं बरं वाटायचं! लोखंडाला कोण चाटतं हो मायेने?

मोगरी दहा महिन्यांची असताना कुणीतरी नवस फेडायला देवळाला एक गाय दिली. ती शकुच्याच शेडमध्ये बांधली. तिच्या मानेवर आणि कानामागे फुलकोबीच्या तुऱ्यांसारख्या चामखिळी होत्या. "बिचारीक कोणी बघूक नाय," म्हणत शकुने पहिल्याच दिवशी तिला माझ्याने खसाखसा घासलं. मग जासवंदीला. मग मोगरीला. घासताना माझ्या दातांनी कातडीला बारीक ओरखडे पडतात, चामखिळीतून कधी रक्त येतं. नंतर मोगरीने नेहमीसारखं मला चाटलं.

नवसाची गाय पुढे गोशाळेत गेली. पण दोन महिन्यांत जासवंदीच्या मानेवर तसेच तुरे उगवले.

गुरांची डॉक्टर अपूर्वा आली. तरुण, बोलायला फटकळ, पण जनावराला हात लावायची तो अगदी हळू. तिने चामखिळी पाहिल्या आणि मग माझ्याकडे बोट केलं.

"मावशी, हा एकच खरारा सगळ्यांना लावता?"

"होय. कायम."

"मग वाट लागली. हा व्हायरस आहे. चामखिळी बहुतेक वेळा आपोआप गळून जातात, त्याची चिंता नाही. पण तो या खराऱ्यावरून, दाव्यावरून एकीकडून दुसरीकडे जातो. प्रत्येकीला वेगळा ब्रश घ्या आणि हा टाकून द्या. आणि या छोटीला तो चाटू देऊ नका. काही वेळा तोंडात, घशात आत वाढतं ते."

"टाकू?" शकुचा चेहरा पडला. "ह्यो माझ्या घोवाच्या हातचो आसा, डॉक्टर. फेकू कसो?"

"मग पिशवीत बांधून ठेवा. वापरू नका. साबणाने धुऊनही हा व्हायरस जात नाही, सांगून ठेवते."

शकुने मान हलवली. बाजारातून दोन प्लॅस्टिकचे ब्रश आणले, एक हिरवा, एक गुलाबी. तीन दिवस ते वापरले. ते तीन दिवस मी खिळ्यावर जळत होतो, मित्रांनो. तो गुलाबी ब्रश मोगरीच्या पाठीवरून फिरताना बघवत नव्हतं. मोगरीही मान वळवून माझ्याकडे बघत राहायची.

चौथ्या दिवशी शकुने मला नळाखाली धरलं, साबण लावून घासघासून धुतलं. "धुतलंय मी तेका. आता काय लागाचा नाय," ती स्वतःशीच पुटपुटली आणि मला मोगरीच्या पाठीवर टेकवलं.

मी खूश झालो. हे सांगताना लाज वाटते, पण खरं तेच सांगतो. मी खूश झालो. मोगरीने वळून मला चाटलं आणि मला वाटलं, आपलं राज्य आपल्याला परत मिळालं.

जासवंदीच्या चामखिळी काही महिन्यांत सुकून गळून पडल्या. शकु म्हणाली, बघा, उगाच घाबरवलान डॉक्टरणीन.

देवळाशेजारच्या सोसायटीत रत्नप्रभाबाई राहतात, निवृत्त शिक्षिका. रोज पहिली पोळी गुळासोबत गाईला घातल्याशिवाय त्या स्वतः घास घेत नाहीत. त्यांची पोळी मोगरीच्या हक्काची. एका सकाळी मोगरीने पोळी हुंगली आणि तोंड फिरवलं.

"माझ्या हातचं नकोसं झालं का गं तुला?" रत्नप्रभाबाई कळवळल्या. त्यांना वाटलं, आपल्याकडून काहीतरी चुकलं, म्हणून गोग्रास नाकारला गेला.

"रुसली हा ती," शकु म्हणाली. "बाई, उद्या पुरणाची आणा. खायत मगे."

दुसऱ्या दिवशी पुरणपोळी आली, तिसऱ्या दिवशी तुपात भिजवलेली. मोगरी त्यांचं मन राखायला घास घ्यायची, मान ताणायची, खोकायची आणि घास लाळेसकट खाली पडायचा. दोन आठवडे सगळी मिळून तिचा रुसवा काढत बसली होती. आणि ती उपाशी मरत होती हो! मी खिळ्यावरून बघत होतो. मला तोंड असतं तर ओरडलो असतो.

मग तिचं पोट डाव्या कुशीला फुगून आलं. अपूर्वा धावत आली. तिने मोगरीचं तोंड उघडून बॅटरी मारली. जिभेच्या मागे, टाळूला, तेच तुरे. पोटातली हवा काढायला नळी घातली, ती छातीपर्यंत गेली आणि अडली. डॉक्टरने डोळे मिटून घेतले.

"अन्ननलिकेत वाढलंय. तिथे मला हात घालता येत नाही, मावशी. मोठ्या दवाखान्यातल्या सरांशी बोलले, पण ती इतकी खंगलीय की भूलसुद्धा सोसणार नाही."

तिने कुशीत जाड सुई टोचून हवा काढली. सलाइन लावलं. दोन दिवस मोगरीने तग धरला.

तिसऱ्या दिवशी दुपारी शकुने विचारलं, "खराऱ्यामुळे झाला?"

"नक्की नाही सांगता येत," अपूर्वा खाली बघत म्हणाली. "असूही शकतं."

मोगरी आडवी पडली होती. पाणी तोंडाला लावलं तरी घेत नव्हती. रत्नप्रभाबाई हातात कोरडी पोळी घेऊन नुसत्याच उभ्या होत्या. तेवढ्यात मोगरीने मान जराशी उचलली आणि खांबाकडे, माझ्याकडे बघितलं.

शकुने मला काढलं. अपूर्वाकडे पाहिलं. अपूर्वाने या वेळी नाही म्हटलं नाही. शकुने मला मोगरीच्या तोंडापाशी धरलं आणि त्या पोरीने, जिला तीन दिवस पाण्याचा घोटही गिळता येत नव्हता, जीभ बाहेर काढून मला चाटलं. एकदा. मग दुसऱ्यांदा, अर्धवट.

मी तिला मारलं आणि ती मला चाटत गेली. यापेक्षा मोठी शिक्षा मला कुणी देऊ शकणार नाही.

त्याच संध्याकाळी शकुने मला पिशवीत घातलं. गाठ मारण्याआधी पट्ट्यावरून अंगठा फिरवला. "तुझो दोष नाय रे," म्हणाली. "माझो हा."

मित्रांनो, आता हिरवा ब्रश जासवंदीचा. दुसरं जनावर आलंच तर त्याला वेगळा. तुमच्या घरी कुत्रं असेल, मांजर असेल, गावाला गुरं असतील, तर प्रत्येकाची वस्तू वेगळी ठेवा. जनावर खाईना झालं तर त्याला रुसलं म्हणू नका, त्याच दिवशी डॉक्टरला बोलवा. आणि डॉक्टर एखादी लाडकी वस्तू दूर ठेवा म्हणाले, तर ती कितीही जिवाभावाची असो, दूर ठेवा. त्या वस्तूला वाईट वाटेल. वाटू दे.

आज सकाळीही शकुचा हात सवयीने खिळ्यापर्यंत आला. पिशवीवरून पट्ट्याचं चामडं चाचपलं. तिची बोटं गाठीवर थांबली. जासवंदीने मान लांब करून डोळे मिटले होते, तिला वाटलं मीच येणार.

उघडू नको गं शकु, मी जीव तोडून म्हणत होतो. उघडू नको.

तिने हात मागे घेतला आणि हिरवा ब्रश उचलला.