हँड्स-ऑन नवरा

शिवमला संजीवनीआत्याने सकाळीच बजावलं होतं, "शेती करतो म्हणायचं न्हाय. शेती बघतो, म्हणायचं. आन् हात खिशात ठेव."

केळीचा चीक एकदा हाताला लागला की रॉकेल घासा नाहीतर लिंबू, काळे डाग हलत नाहीत. कळंबात शेती करणाऱ्याला मुलगी मिळत नाही आणि बघणाऱ्याला मिळते, हे आत्याचं ठाम मत. तीन स्थळं मोडल्यावर ते शिवमलाही पटलं होतं. त्यात बारामतीच्या सोनलचा फोटो पाहिल्यापासून तर तो काय सांगाल ते म्हणायला तयार होता.

सोनल वडिलांना घेऊन घर बघायला आली. शिवमच्या आईने पोहे आणले, चहा आणला. वडिलांनी विचारलं, "शेतात स्वतः राबावं लागतं का?"

"छ्या!" आत्या म्हणाली. "मोबाईलवर मोटर चालू, मोबाईलवर बंद. पोरगं नुसतं बघतंय."

वडील खूश झाले. सोनलचं तोंड मात्र उतरलं. "म्हणजे हँड्स-ऑन नाहीत तर."

आत्याला वाटलं, हे काहीतरी व्यसन. "न्हाय बाई, सुपारीसुदीक खात न्हाय!"

सोनलला हसू फुटलं. "अहो, लांबून हुकूम न सोडता स्वतः हात घालून काम करणारा, तो हँड्स-ऑन. आमच्या कंपनीत नोकरीच्या अर्जात सगळेच लिहितात. कामाला लावलं की खुर्ची शोधतात."

झाली का पंचाईत! मराठीत जे लपवायचं त्याला इंग्रजीत एवढा मान? शिवमने दोन्ही हात खिशातून काढून टीपॉयवर ठेवले. "मग मी हाय," तो म्हणाला. आत्याने कपाळाला हात लावला.

सोनलने ते डाग नीट पाहिले. मग म्हणाली, "चहा छान झालाय. तुम्ही केलात?"

"आईनं."

"आणि पोहे?"

"आईनंच."

"म्हणजे बांधावर हँड्स-ऑन, घरात नुसतं बघता."

ही मुलगी शिवमला हातची जाऊ द्यायची नव्हती. तो उठला, "दुसरा चा मी करतो," म्हणाला आणि तरातरा आत गेला. आई मागोमाग धावली, तर सोनलने तिला हाताला धरून शेजारी बसवलं.

आत एक पातेलं पडलं, मग दुसरं. मग हाक आली, "आये, साखर कुठं असती गं?"

एवढा घोडा झाला, याच घरात वाढला! वडील चप्पल शोधायला लागले. "चल, निघू या."

"बसा हो, बाबा," सोनल म्हणाली आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडली, "सगळे डबे उघडा, सापडेल!"