कव्हराच्या आतली बाजू

आमच्या चित्रकला महाविद्यालयाच्या ग्रंथालयाबाहेर एक काळा फळा आहे. त्यावर ग्रंथालयाचे वृत्त लिहिण्याचे काम गेली अठरा वर्षे माझ्याकडे आहे. नवीन ग्रंथ दाखल झाले, वेळ बदलली, कोणाचे व्याख्यान ठरले, की मी ओल्या फडक्याने फळा पुसतो आणि शक्य तितक्या शुद्ध भाषेत ते नमूद करतो. माझे शिक्षण आठवी इयत्तेपर्यंतच झाले असल्यामुळे प्रत्येक वाक्य मी आधी कागदावर लिहून ग्रंथपाल मारियान मॅडम यांना दाखवतो. त्या बहुधा त्यातील एखादा शब्द कमी करतात.

मागील वर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी असे लिहिले होते : 'दिनांक पंधरा रोजी वाचन प्रेरणा दिनानिमित्त ग्रंथालयात माजी विद्यार्थ्यांची जुनी चित्रे मांडण्यात येतील.' खाली 'सर्वांनी अगत्यपूर्वक उपस्थित राहून शोभा वाढवावी' असेही होते, परंतु ते मॅडमनी खोडले.

लिहून खडूचे हात झटकत होतो, तोच पाठीमागून गोदूकाकींचा आवाज आला. गोदूबाई रोज सकाळी मासळीची टोपली घेऊन महाविद्यालयाच्या फाटकाशी बसतात. वसतिगृहाची भाजी-मासळी त्यांच्याकडूनच जाते. त्यांना अक्षरओळख नाही, म्हणून फळ्यावरचे वृत्त मी त्यांना वाचून दाखवावे असा आमच्यात शिरस्ता पडला आहे.

"काय रे सत्यवाना, आज काय नवीन?"

मी वाचून दाखवले. त्यांनी डोईवरची चुंबळ काढून हातात घेतली.

"जुन्या पोरांची चित्रां? म्हंजे नितेशाचो बापूस बसललो, त्या वर्साचीय आसतली?"

येथे थोडा खुलासा करणे अगत्याचे आहे. महाविद्यालयात व्यक्तिचित्रणाच्या तासाला समोर बसण्यासाठी गावातील माणसे बोलावतात. गोदूकाकींचे पती रामचंद्र हे एका वर्षी असे दोन दिवस येऊन बसले होते. मी नोकरीस लागण्यापूर्वीच्या वर्षातील ही गोष्ट. पुढल्याच हंगामात त्यांची होडी वाऱ्यात उलटली आणि ते परत आले नाहीत. मुलगा नितेश तेव्हा चार वर्षांचा होता.

"आसतली ना?" त्यांनी पुन्हा विचारले.

"बघूक व्हया," मी म्हणालो.

"घरात त्येचो येकच फोटो, मतदानाच्या कार्डाचो. थंय तो माजो घोव दिसणा नाय, पोलिसांनी धरल्यासारको दिसता." त्या हसल्या, आणि मग हसणे थांबवून हलक्या आवाजात बोलल्या. "तुका सांगतंय, कोणाक बोला नको. आता डोळे मिटून त्येका आठवूक गेलंय, तर नितेशाचोच चेहरो समोर येता. झील मोठो झालो आणि बापाशीक पुसून टाकल्यान. येक डाव तां चित्र बघलंय, की पुरे. मगे नाय इसराचंय."

मी होकारार्थी मान हलवली आणि आत गेलो. त्या दिवशी माझ्या हातून एकही काम धड झाले नाही, कारण त्या वर्षाच्या चित्रांचे काय झाले हे संपूर्ण महाविद्यालयात मला एकट्यालाच ठाऊक होते.

मी नोकरीस लागलो तेव्हा पावसाळा तोंडावर आला होता. तत्कालीन प्राचार्यांनी आज्ञा केली की, सर्व पुस्तकांना कव्हरे घालावीत. तपकिरी कागद कुडाळहून यावयाचा होता, तो आला नाही. कोठीच्या खोलीत तपासून झालेल्या चित्रांचे गठ्ठे पडले होते. कार्ट्रिजचा जाड, कणखर कागद; एक बाजू चितारलेली, दुसरी कोरी. आमच्या घरी जून महिन्यात शाळेच्या पुस्तकांना जुन्या दिनदर्शिकेची कव्हरे घालत. आकडे आत, कोरी बाजू बाहेर, म्हणजे नाव घालावयास जागा मिळते. मी त्याच न्यायाने वागलो. मोठ्या ग्रंथास अख्खा कागद, लहानास अर्धा. चित्र आत, कोरी बाजू बाहेर, आणि त्यावर सुवाच्य अक्षरात दाखल क्रमांक. सुमारे चारशे पुस्तके मी अशी मढवली आणि प्राचार्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. उरलेले गठ्ठे पुढे वाळवीने खाल्ले.

दोन-तीन वर्षांनी, चित्र म्हणजे काय हे येथील मुलांना पाहून पाहून मला उमगू लागले, तेव्हा मला माझ्या कृत्याचा अर्थ कळला. परंतु कोणी विचारले नाही आणि मी सांगितले नाही.

तीन दिवस मी गोदूकाकींना 'शोधतो आहे' असे सांगत राहिलो. चौथ्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी केळीच्या पानात सौंदाळे मासे बाजूला काढून ठेवले. ते हातात घेतल्यावर मात्र मला पुढे खोटे बोलवेना. मी मॅडमच्या टेबलासमोर उभा राहिलो आणि सर्व निवेदन केले.

मारियान मॅडम येथे बारा वर्षे आहेत. त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला.

"सत्यवान, कागद आडवे कापले होते की उभे?"

"आडवे, मॅडम."

"म्हणजे डोके एका पुस्तकावर आणि गुडघे दुसऱ्यावर."

"होय, मॅडम."

"आणि मी दर वर्षी पाहुण्यांना सांगते, आमच्या सत्यवानने घातलेली कव्हरे कशी टिकली आहेत बघा." त्यांनी चष्मा चढवला. "गोदूबाईंना कोण सांगणार?"

"मीच सांगतो."

फाटकाशी त्या वेळी गिऱ्हाईक नव्हते. मी काकींच्या समोर उकिडवा बसलो आणि सांगितले. त्या कोयता पाटावर ठेवून ऐकत राहिल्या.

"म्हंजे माज्या घोवाक तू पुस्तकाचो सदरो केलंस?"

मी खाली पाहिले.

"आणि तोय अर्धो फाडून?"

त्यांनी उरलेली मासळी टोपलीत भरली, चुंबळ डोईवर ठेवली आणि त्या निघून गेल्या. अठरा वर्षांत त्या बारा वाजण्यापूर्वी उठल्याचे मी पाहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास त्या ग्रंथालयाच्या दारात उभ्या होत्या. लुगडे बदललेले होते. हात लिंबाने चोळून धुतले असावेत, कारण वास लिंबाचाच येत होता.

"काढ ती कव्हरां," त्या म्हणाल्या. "मी हंय बसतंय."

मॅडमनी स्वतः उठून त्यांना खुर्ची दिली. "बस गो गोदू. पंखो लावू?"

"पंखो नको. कागद उडतीत."

अशा प्रकारे शोध सुरू झाला. मी ब्लेडच्या पातीने कव्हराच्या घड्या सोडवीत असे, आणि तिसऱ्या वर्षाचे तेजस्वी व ॲल्स्टन हे दोन विद्यार्थी तो कागद उलटा करून गोदूकाकींसमोर धरीत. पहिल्या दिवशी साठ कव्हरे निघाली. फुलदाण्या, घोड्याचे सांगाडे, नारळ, आणि मधूनच एखादा माणूस.

"हो न्हय," त्या म्हणत. "हो बाबली. झोप येता म्हणान त्येका खुर्चेक बांधून बसवलेल्यानी."

"खरेच बांधले होते?" तेजस्वीने विचारले.

"तूच बघ मगे. मान खंय गेली ती."

मान खरोखरच खांद्यावर कलंडलेली होती. पुढच्या कागदावर नाकात नथ घातलेली एक वृद्ध स्त्री निघाली.

"ही लवूची आवस. अरे, हिच्याकडसून मी कोयती धरूक शिकलंय." त्यांनी कागदाला हात लावला नाही, फक्त जवळ वाकल्या. "जाऊन पंधरा वर्सां झाली हिका."

त्या कागदांवर आतापर्यंत केवळ विद्यार्थ्याचा हजेरी क्रमांक आणि मिळालेले गुण होते. समोर बसलेल्या माणसाचे नाव कोणीही लिहिलेले नव्हते. ॲल्स्टन पेन्सिल घेऊन प्रत्येकाच्या खाली काकी सांगतील ते नाव लिहू लागला. तेजस्वीने वाचनकक्षात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सुतळी बांधून ते कागद चिमट्यांनी लावले. मॅडमनी तिकडे पाहिले आणि मला सांगितले की पंधरा तारखेला हेच मांडायचे, कपाटात जपलेली निवडक चित्रे नकोत. तथापि रामचंद्र मिळाले नव्हते.

तिसऱ्या दिवशी मातीच्या भांड्यांवरील एका लहान पुस्तकाचे कव्हर निघाले. दाखल क्रमांक दोनशे सत्त्याऐंशी. ॲल्स्टनने कागद उलटा धरला. मांडी घालून बसलेल्या कोणाचे तरी गुडघे, मांडीवर जाळे, आणि जाळ्यात गुंतलेले दोन हात. वर छातीपाशी माझ्या कात्रीची सरळ रेघ.

गोदूकाकी खुर्चीतून उठल्या.

"ह्ये त्येचे हात."

ॲल्स्टनने कागद त्यांच्या आणखी जवळ नेला.

"ह्या बोट बघ. वाकडा. जाळ्यातल्या शिंगाळ्याचो काटो गेललो, म्हयनोभर सुजलेला." त्यांनी आपले बोट त्या चितारलेल्या बोटाच्या वर, न टेकता, धरले. "हात मी कधी इसरलंयच नाय रे. चेहरो खंय आसा?"

कामाची माझी एक पद्धत होती, तिची आता मला आठवण झाली. मी पुस्तके दाखल क्रमांकाच्या ओळीने मढवली होती. तेव्हा एका कागदाचा एक अर्धा दोनशे सत्त्याऐंशीवर गेला असेल, तर दुसरा शेजारच्याच क्रमांकावर असला पाहिजे. दोनशे शहाऐंशी मी तत्काळ सोडवले. आत सुरई होती. दोनशे अठ्ठ्याऐंशीची जागा फळीवर रिकामी होती. नोंदपत्रिका पाहिली. पहिल्या वर्षाची स्वप्ना हिने ते पुस्तक वालावलला घरी नेले होते आणि परतीची तारीख उलटून आठ दिवस झाले होते. मॅडमनी दूरध्वनी केला. ती तापाने आजारी होती.

रविवारी मी एस.टी.ने कुडाळमार्गे वालावलला गेलो. स्वप्ना अंगावर चादर घेऊन पडवीत बसली होती.

"सत्यवानकाका, एका पुस्तकासाठी तुम्ही एवढ्या लांब इलात? मी बरी झाल्यावर आणणारच होतंय."

"तुजी चूक नाय गो," मी म्हणालो. "माजी आसा."

पुस्तक मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून परतीच्या गाडीत मांडीवर ठेवले. कव्हराची कड बोटाला लागत होती. नखाने घडी उचलली असती तर आत कोण आहे ते मला दिसले असते. नसेल तर सोमवारी त्या बाईला मी काय तोंड दाखवणार, या विचाराने दोनदा माझे बोट तेथवर गेले. परंतु तो चेहरा सर्वप्रथम पाहण्याचा अधिकार माझा नव्हता. मी पिशवीला गाठ मारली.

सोमवारी दुपारी मी चिकटपट्टी पातीने कापली आणि पुस्तक गोदूकाकींसमोर सरकवले. मॅडम शेजारी उभ्या होत्या. काकींनी कव्हर स्वतःच्या हातांनी सोडवले, कागद उलटा केला आणि टेबलावर पालथ्या मुठीने सारखा केला.

पुस्तकाच्या पाठीची घडी खांद्यावरून गेली होती, चेहऱ्यावरून नाही. दाट भुवया, पिळदार मान, कानामागे विडी. मात्र नजर खाली, मांडीवरच्या जाळ्याकडे होती. डोळे दिसतच नव्हते. ज्या बाईला चेहरा पाहिजे होता, तिला मी हे आणून दिले, असे मनात आले.

गोदूकाकी पुष्कळ वेळ पाहत राहिल्या. मग त्यांचे खांदे हलू लागले. त्या रडत आहेत असे मला वाटले, पण त्या हसत होत्या.

"मास्तरांनी सांगितल्यानी आसतला, मान वर कर म्हणान. ऐकलो नाय. येवडी चेडवां-पोरी समोर बसून बघतत, म्हणान लाजलो." त्यांनी पदराने डोळे पुसले. "लग्नातय असोच बसललो. भटान दोनदा सांगितल्यान."

"नितेशासारको दिसता?" मॅडमनी हळूच विचारले.

काकींनी कागद उजेडाकडे वळवला. "नाय गो बाय. नाक माज्या म्हायेरचा नितेशाक. ह्येचा बघ कसा बसका. आणि ह्या कपाळ." त्यांनी डोळे मिटले, क्षणभर तशाच राहिल्या, पुन्हा उघडले. "आता दोगय येगळे दिसतत."

मॅडमनी गव्हाच्या खळीने मागून कापडाची पट्टी लावून दोन्ही भाग जोडले. जोड दिसतो. तो लपवू नका, असे काकींनीच सांगितले. पंधरा तारखेला ते चित्र इतर पासष्ट माणसांबरोबर सुतळीवर होते. त्या दिवशी गावातून इतकी माणसे आली की चपला व्हरांड्यात मावेनात. आपापली माणसे ओळखून ती तासन्‌तास तेथे उभी राहिली. प्राचार्यांनी लेखी परवानगी दिली की ज्यांची माणसे आहेत त्यांनी चित्रे घरी न्यावीत.

चार वाजता काकी निघाल्या. चित्र गुंडाळून देतो म्हटले तर नको म्हणाल्या, नवी घडी नको त्येका. टोपलीत ठेवायचे तर टोपली ओली.

"तू धर," त्या म्हणाल्या. "असो उभो धर, म्हंजे त्येका रस्तो दिसात. तू फुडे चल, मी मागसून येतंय."

मी तो कागद दोन्ही हातांनी छातीपाशी उभा धरला आणि बाजारातून चालू लागलो. मासेमारीस गेलेल्या नितेशची बोट सहाला किनाऱ्याला लागणार होती, त्यापूर्वी घरी पोहोचावे म्हणून मी भराभर पावले टाकीत होतो. सुक्या मासळीच्या ओळीत एक बाई उठून उभी राहिली.

"गोदू, हो कोण गो?"

"माजो घोव," मागून उत्तर आले. "घराक नेतंय."

थोडे पुढे गेल्यावर त्यांनी मला हाक मारली.

"सावकाश चल रे सत्यवाना. त्येका इतक्या बेगीन चलाची सवय नाय."

मी पावले आवरली.